सव्वाचार वर्षांच्या मुलीचा गुडघा दोन महिन्यांपासून सुजलेला आहे. हा लहान मुलांचा संधिवात असू शकतो का?

प्रश्न : सातारकर आई

माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. दिवाळीच्या सुमारास तिचा उजवा गुडघा सुजला आणि दोन महिने उलटून गेले तरी सूज उतरलेली नाही. पडल्याचे किंवा मार लागल्याचे घरात कोणालाही आठवत नाही. ताप आला नाही, गुडघा लाल झाला नाही आणि ‘दुखते’ असे तिने क्वचितच म्हटले. सगळ्यांच्या लक्षात आले ते तिच्या सकाळच्या वागण्यावरून. उठल्यावर ती पलंगाच्या कडेला बसून राहते, खाली उतरायला तयार होत नाही, ‘कडेवर घे’ म्हणून हट्ट धरते आणि चालायला लावलेच तर पाय पूर्ण सरळ न करता लंगडत चालते. दहा-साडेदहा वाजले की तीच मुलगी अंगणात इतरांबरोबर पळताना दिसते, त्यामुळे हा बालवाडी टाळण्याचा बहाणा आहे असे घरातील काही मोठ्या माणसांचे अजूनही मत आहे.

डॉक्टरांकडे दाखवले तर प्रत्येक ठिकाणी वेगळे मत मिळाले. एका डॉक्टरांनी रक्तात ‘एएसओ’ वाढलेला पाहून हा हृदयावर जाणारा वाताचा ताप असू शकतो, तेव्हा दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागेल, असे सांगितले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला; तो निर्दोष आला, संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टर ही रक्तचाचणीही निगेटिव्ह आली, म्हणून संधिवात नाही असे सांगून त्यांनी क्रेप बँडेज आणि विश्रांती सुचवली. सासूबाईंनी वांगी, बटाटा, हरभऱ्याची डाळ, दही आणि चिंच बंद केली आहे, आणि नात्यातील एकांनी वातावरच्या पुड्या आणून दिल्या आहेत, त्या मी अजून दिलेल्या नाहीत.

लहान मुलांना खरोखरच संधिवात होतो का? होत असेल तर रक्ताचा अहवाल निगेटिव्ह कसा येतो? आणि पुढे नेमके कोणाकडे जावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

ताई, मुलीला तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही आणि ते मी येथे करणारही नाही; परंतु सकाळी आखडणारा आणि दुपारपर्यंत सुटणारा सांधा हे वर्णन इतके बोलके आहे की, संधिवाताचा विचार आता बाजूला ठेवता येणार नाही.

मुलांना संधिवात होतो. वयाच्या सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे ‘जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’, थोडक्यात जेआयए. यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतील अस्तरावरच उलटते. ते अस्तर जाड होते, त्यातून जादा द्रव पाझरतो आणि रात्रभर हालचाल न झाल्यामुळे सकाळी सांधा आखडतो. मूल जसजसे हालचाल करते तसतसा तो मोकळा होतो. एवढ्या लहान वयात मूल दुखण्याची तक्रार करत नाही, ते आपल्या वागण्यातच बदल करते; जिना बसून उतरणे, उकिडवे बसायचे टाळणे, चालता येत असूनही कडेवर घ्या म्हणणे ही त्याची तक्रार करण्याची पद्धत असते. हा बहाणा नव्हे, हे घरातील मोठ्यांना कृपया सांगावे.

या आजाराचे सात प्रकार मानले जातात. त्यांतला, एक ते चार सांधे धरणारा आणि बहुधा गुडघ्यापासून सुरू होणारा प्रकार प्रामुख्याने पाच-सहा वर्षांखालील मुलींमध्ये दिसतो. इतर प्रकारांचे पाढे येथे वाचत नाही. फक्त एक अपवाद करतो, कारण तो चुकला तर जिवावर बेतू शकते. रोज ठरावीक वेळी उसळी घेऊन पुन्हा पूर्ण उतरणारा ताप, तापाबरोबर उमटून नाहीसे होणारे फिकट गुलाबी चट्टे, आणि सांध्यांची सूज असा एक प्रकार आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये त्याचे वर्णन केले. सावळ्या कातडीवर ते चट्टे सहज दिसत नाहीत, म्हणून ताप चढलेला असताना, भरपूर उजेडात, पाठ आणि काखा पाहाव्या लागतात. तुमच्या मुलीला ताप नाही, त्यामुळे हा प्रकार संभवत नाही.

आता अहवालांविषयी. आरए फॅक्टर जेआयएच्या बहुसंख्य मुलांत निगेटिव्हच असतो, म्हणून तो निगेटिव्ह आल्याने संधिवात नाही असे ठरत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे निर्दोष असणेही नेहमीचे आहे, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसते आणि आजार अद्याप अस्तरात असतो. सोनोग्राफीत मात्र पाणी आणि जाड झालेले अस्तर दिसू शकते. एका सांध्याच्या आजारात ईएसआर आणि सीआरपी हे शरीरातील सूज दाखवणारे रक्तातील आकडेही कधी कधी अगदी व्यवस्थित असतात. या आजाराचे निदान शेवटी डोळ्यांनी आणि हातांनी करायचे असते. मुलीला पाठीवर झोपवून, पाय सैल सोडायला सांगून दोन्ही गुडघे शेजारी शेजारी पाहा. निरोगी गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना एक उथळ खळगी असते; सुजलेल्या गुडघ्यात ती भरून जाते. तपासणारा डॉक्टर आतल्या बाजूचे पाणी तळहाताने वर सारतो, मग बाहेरच्या बाजूने हात फिरवतो, आणि आतल्या बाजूला ते पाणी पुन्हा फुगून येताना दिसते. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी रक्ताच्या लांबलचक यादीपेक्षा अधिक काही सांगून जाते, आणि ती बहुतेक वेळा होत नाही, हे खेदाने लिहावे लागते.

एएसओचा गोंधळ आपल्याकडे फार जुना आहे. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग अलीकडे होऊन गेला, एवढेच हा आकडा सांगतो. आपल्याकडील कितीतरी निरोगी मुलांतही तो वाढलेला सापडतो. वाताच्या तापातील सांधेदुखीचे वागणे वेगळे असते. ती सहसा पाच ते पंधरा या वयात येते, सांधा इतका दुखतो की हात लावू देत नाही, काही दिवसांत एक सांधा सोडून दुसरा धरते, वेदनाशामक औषधाने दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरते आणि काही आठवड्यांतच आटोपते. दोन महिने एकाच गुडघ्यात ठाण मांडून बसलेली आणि फारशी न दुखणारी सूज या वर्णनात बसत नाही. तरीही पेनिसिलिनविषयीचा निर्णय स्वतःहून घेऊ नका. हृदयाचा इको करून घ्या, तो अहवाल घेऊन तज्ज्ञांकडे जा आणि त्यांनाच ठरवू द्या.

काही गोष्टी मात्र आधी वगळायलाच हव्यात. आपल्या देशात एकच सांधा दीर्घकाळ सुजलेला असेल तर क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. त्यासाठी मॅन्टू चाचणी, छातीचा एक्स-रे, गरज पडल्यास गुडघ्याचा एमआरआय आणि अस्तराचा तुकडा काढून तपासणी केली जाते. मूल रात्री वेदनेने रडत उठत असेल, सूज थोडी आणि दुखणे फार असेल, वजन घटत असेल, चेहरा पांढुरका पडला असेल, तर रक्ताचा कर्करोग वगळल्याशिवाय स्टेरॉइडचा एकही डोस देऊ नये, कारण त्याने खरा आजार काही काळ झाकला जातो. आणि जोराचा ताप येऊन एखादा सांधा एकाएकी सुजला, मूल पाय टेकवेनासे झाले, तर तो पू झालेला सांधा असू शकतो. तेथे त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शेवटी डोळे. याविषयी तुम्हाला अद्याप कोणी काही सांगितलेले दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. या प्रकारात, विशेषतः एएनए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह असलेल्या लहान मुलींत, डोळ्याच्या आतील, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही आणि मूल काही बोलत नाही. कळते तेव्हा बाहुली आत चिकटलेली असते किंवा मोतीबिंदू होऊ लागलेला असतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्प यंत्रावर तपासणी आताच करून घ्यावी, आणि जेआयएचे निदान झाल्यास पहिली काही वर्षे दर तीन महिन्यांनी. गुडघा बरा झाला म्हणून ही तपासणी थांबवायची नसते, कारण डोळ्यांचा आजार गुडघ्याच्या तालावर चालत नाही.

जायचे कोणाकडे, तर बालसंधिवाततज्ज्ञांकडे. ही शाखा आपल्याकडे तुलनेने नवी आहे. चंडीगडच्या पीजीआयसारख्या संस्थेत तिचे स्वतंत्र अतिविशेष शिक्षण मिळते. साताऱ्याहून तुम्हाला पुणे किंवा मुंबई जवळ पडेल. तेथे बालसंधिवाततज्ज्ञांची वेळ लवकर मिळत नसेल, तर मुलांना तपासण्याचा अनुभव असलेले मोठ्यांचे संधिवाततज्ज्ञही चालतील.

उत्तर २ : नववीतल्या मुलाचा बाबा, नाशिक

वरील उत्तरात सगळे आलेच आहे, तरी एका पालकाचा अनुभव म्हणून लिहितो. आमच्या मुलाला वेगळा प्रकार आहे. त्याची सुरुवात टाचेपासून झाली. स्नायूबंध जेथे हाडाला चिकटतात त्या जागा सुजतात, पुढे घोटा, गुडघा, खुबा आणि कधी कंबर धरली जाते. मोठ्या वयाच्या मुलग्यांत हा प्रकार अधिक दिसतो आणि भारतात तो बराच आढळतो, असे आम्हाला सांगण्यात आले. या प्रकाराशी निगडित असलेली एचएलए-बी२७ ही त्याची जनुकीय चाचणी पॉझिटिव्ह आहे. क्रिकेटच्या बुटांमुळे टाच दुखते, या समजुतीवर बराच काळ गेला. या प्रकारात डोळा धरला गेला तर तो लाल होतो आणि दुखतो, त्यामुळे किमान कळते तरी.

पुड्यांविषयी कळकळीने सांगतो. आमच्याकडेही अशा पुड्या आल्या होत्या आणि एका आठवड्यात मुलगा धावू लागला, तेव्हा सगळे घर आनंदले. आमच्या डॉक्टरांनी त्याचा गोल झालेला चेहरा पाहून विचारले, काही वेगळे औषध चालू आहे का? इतक्या झटपट गुण देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते, असे त्यांनी समजावले. अशा स्टेरॉइडने उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात आणि ते एकदम बंद केले तरीही धोका असतो, म्हणून ते उतरवत उतरवत बंद करावे लागले. तुम्ही ती पुडी दिली नाहीत हे फार चांगले केलेत.

वातूळ खाण्याचेही तसेच. डाळ आणि दही बंद केल्याने सांधा बरा झाल्याचे आमच्या डॉक्टरांनी कधी पाहिलेले नाही. उलट आजारामुळे आधीच भूक मंदावलेल्या मुलाचे प्रथिने आणि कॅल्शियम तुटते. आमच्या आईला हे पटायला वेळ लागला. डॉक्टरांनी तिला समोर बसवून, ‘आजी, याला रोज वाटीभर दही तुम्हीच द्यायचे’ असे सांगितले, तेव्हा कुठे ती बधली. सासूबाईंना पुढच्या वेळी बरोबर घेऊन जा.

शाळेत डॉक्टरांचे पत्र द्यावे. आमच्या मुलाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आला, प्रार्थनेला बाकावर बसायची मुभा मिळाली आणि कवायतीऐवजी त्याला जमेल तेवढे खेळू दिले जाते. तुमच्या मुलीसाठी बालवाडीत जमिनीवर मांडी घालून बसायला लावू नये आणि कमोडची सोय असावी, एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : सातारकर आई

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहिले. डाव्या गुडघ्याला खळगी स्पष्ट दिसते, उजव्याला नाही. पुण्यातील तज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि डोळ्यांची तपासणीही त्याच फेरीत करणार आहोत. मैत्रिणीकडून असे कळले की यावर मेथोट्रेक्सेट नावाचे कर्करोगाचे औषध देतात. ते ऐकल्यापासून घरात सगळे धास्तावले आहेत. एवढ्या लहान मुलीला ते देणे सुरक्षित आहे का?

उत्तर ३ : बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

एकच सांधा धरलेला असेल तर मेथोट्रेक्सेट बहुधा पहिले औषध नसते. सुरुवात नॅप्रोक्सेन किंवा आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या औषधाने होते, आणि तेवढ्याने भागले नाही तर सांध्यातले पाणी काढून तेथेच ट्रायमसिनोलोन या दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. लहान मुलांना त्यासाठी थोडी गुंगी दिली जाते. औषध प्रामुख्याने सांध्यातच काम करत असल्याने तोंडाने घेतलेल्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम सहसा होत नाहीत, आणि अनेक मुलांत एका इंजेक्शनचा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो.

सूज परतली, सांधे वाढले किंवा डोळा धरला गेला, तर मेथोट्रेक्सेट येते. कर्करोगात हे औषध कधी कधी ग्रॅमच्या मात्रेत देतात. येथे मात्र शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटरला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. ‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा, कारण गैरसमजाने रोज दिल्यास हेच औषध विषारी ठरते. फॉलिक अॅसिड बरोबर देतात, रक्तातील पेशी आणि यकृताच्या चाचण्या ठरावीक अंतराने करतात. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, तेवढा धीर धरावा. मळमळ हा नेहमीचा त्रास आहे. शनिवारी रात्री जेवणानंतर गोळी दिली तर बालवाडीचा दिवस बिघडत नाही. साध्या खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर हे औषध चालू आहे हे आधी सांगा, विशेषतः कोट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक याच्याबरोबर घेऊ नये. अनेक दशके जगभरातील मुलांना ते दिले जात आहे आणि त्याची गोळी स्वस्त आहे. ते पुरले नाही तरच अॅडालिमुमॅबसारखी महागडी जैविक औषधे, आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी.

उत्तर ४ : भौतिकोपचारतज्ज्ञ, पुणे

आपल्याकडे उपचाराचा हा भाग नेहमी मागे पडतो, म्हणून थोडे लिहिते. सुजलेला गुडघा मूल वाकवून ठेवते, कारण तसे ठेवल्याने आतला दाब कमी होतो. प्रेमापोटी घरचे लोक रात्री गुडघ्याखाली उशी देतात, ती आजच काढून टाका. वाकलेला गुडघा तसाच आखडून बसला तर तो सरळ करायला महिने लागतात. दिवसातून दोन वेळा मुलीला पालथे झोपवून चित्रे रंगवायला द्या, म्हणजे गुडघा आणि खुबा दोन्ही आपोआप सरळ राहतात. सकाळी उठल्याबरोबर गरम पाण्याची अंघोळ घातली तर आखडलेपणा लवकर सुटतो. तेल चोळून जोरात मालिश मात्र नको.

क्रेप बँडेज बांधून विश्रांती हा सल्ला मुरगळण्यासाठी ठीक आहे, येथे नाही. न वापरलेल्या मांडीचा स्नायू भराभर बारीक होतो. दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला तर फरक दिसेल. तीन चाकी सायकल हा या वयाचा उत्तम व्यायाम आहे. मूल स्वतः खेळत असेल तर त्याला अडवू नये, फक्त उंचावरून उड्या मारणे सूज असेपर्यंत टाळावे. तज्ज्ञांकडे दोन्ही पायांची लांबीही मोजून घ्या. सुजलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा वाढल्याने लहान मुलांत तो पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब वाढतो, आणि मग सूज उतरल्यानंतरही मूल लंगडत राहते. अशा वेळी दुसऱ्या पायाच्या बुटात उंची देऊन काम भागते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : सातारकर आई

उशी खरोखरच ठेवत होतो, ती काढली. लसीकरणाचे एक विचारायचे राहिले. तिचे पाचव्या वर्षाचे डोस अजून व्हायचे आहेत. ते आता द्यावेत की थांबावे?

उत्तर ५ : बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

लसीकरणाचे कार्ड तज्ज्ञांकडे जाताना बरोबर न्या. मृत जंतूंच्या किंवा त्यांच्या अंशाच्या लशी, उदाहरणार्थ त्रिगुणी आणि फ्लूची लस, उपचार चालू असतानाही देता येतात. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांच्या लशी जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंच्या असतात. त्या शक्य असल्यास प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू होण्याआधी उरकाव्यात, मात्र लशीसाठी उपचार रखडवू नयेत. तोंडाने द्यायचा पोलिओचा डोसही जिवंत विषाणूंचाच असतो. त्यामुळे मेथोट्रेक्सेट सुरू झाले आणि पल्स पोलिओच्या दिवशी आशाताई दारात आल्या, तर त्यांना औषधाचे नाव सांगून आपल्या डॉक्टरांना विचारल्यानंतरच डोस द्यावा. त्याऐवजी पोलिओचे इंजेक्शन मिळते.